नगरच्या निजामशहाचा पोर्तुगीज डॉक्टर: हिंग, भांग आणि बिब्ब्यावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाची हाडं का जाळली गेली?

परवा आमच्या ऑफिसातल्या क्विझमध्ये दोन प्रश्न लागोपाठ आले. विषयांची जोडीही भन्नाट होती, जुने सायन्स फिक्शन पिक्चर आणि उपयोगी वनस्पती.

पहिला प्रश्न 1984 साली आलेल्या 'ड्यून'चा. वाळवंटात मिळणाऱ्या एका मसाल्यासाठी अख्खं साम्राज्य एकमेकांच्या जिवावर उठतं. तो मसाला घेतल्यावर अवकाशयानं चालवणाऱ्यांना काय जमतं? जागेवरून न हलता प्रचंड अंतर पार करता येतं. पिक्चर बघितलेल्या सगळ्यांनी हात वर केले.

दुसरा प्रश्न आला आणि शांतता पसरली. हिंग, भांग, धोतरा, बिब्बा, निरगुडी, आंबा, फणस या सगळ्यांची माहिती देणारं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्याचा लेखक महाराष्ट्रातल्या कोणत्या सुलतानाचा डॉक्टर होता?

उत्तर होतं, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा.

मी नगरची. म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. किल्ल्यासमोरून किती वेळा गेलेय त्याला गणती नाही. नगरचा किल्ला म्हटलं की चांदबिबी आठवते, नेहरूंचा 1942 चा तुरुंगवास आठवतो, भूगोलाच्या तासाला ऐकलेला दुष्काळ आठवतो. पण या शहरात एक पोर्तुगीज डॉक्टर येऊन राजाकडून अरबी शब्द शिकत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. क्विझ हरले आणि घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं की झाडपाल्याची गोष्ट यातली अर्धीच आहे. उरलेली अर्धी त्याने आयुष्यभर लपवून ठेवली होती.

त्याचं नाव गार्सिया द ऑर्ता.

त्याचा जन्म साधारण 1501 चा. पोर्तुगालमध्ये स्पेनच्या सीमेला लागून कास्तेलो द व्हीदे नावाचं गाव आहे, तिथला. पण घराणं मूळचं तिथलं नव्हतं. आईवडील स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना फर्मान काढलं की ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. ऑर्ताच्या आईवडिलांनी देश सोडला आणि सीमा ओलांडून ते पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांत तिथेही तेच झालं. 1497 मध्ये पोर्तुगालच्या राजाने सगळ्या ज्यूंचा जबरदस्तीने बाप्तिस्मा करवला. या वेळी तर जायलाही दिलं नाही.

अशा लोकांना नाव पडलं 'नवे ख्रिस्ती'. म्हणजे कागदावर ख्रिस्ती, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत कायमचे संशयित. शनिवारी चूल पेटवली नाही, डुकराचं मांस टाळलं, शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ कपडे घातले, एवढंही कुणाच्या डोळ्यावर यायला पुरेसं असायचं. गार्सिया अशा घरात वाढला.

पोरगा हुशार. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्कला या विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, 1523 च्या सुमारास गावी परतला आणि दवाखाना थाटला. पुढे लिस्बनला गेला, तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला, राजा तिसरा जॉन याच्या वैद्यांमध्ये त्याची गणना होऊ लागली. थोडक्यात, सेटल झालेला माणूस.

आणि मार्च 1534 मध्ये तो सगळं सोडून भारताच्या जहाजावर चढला. मार्तिम आफोन्सो द सूझा नावाचा बडा दर्यावर्दी सेनानी ताफा घेऊन निघाला होता, त्याचा डॉक्टर म्हणून. त्या प्रवासात निम्मी माणसं वाटेतच मरू शकतात हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग राजाचा डॉक्टर असा का निघाला असेल? त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण तारखा बघा. तो निघाल्यावर दोनच वर्षांत, 1536 मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. इन्क्विझिशन म्हणजे धर्म तपासणारं न्यायालय. गुप्तपणे ज्यू धर्म पाळणाऱ्यांना हुडकून काढणं हे त्याचं मुख्य काम. ऑर्ताला वारा कुठून वाहतोय हे कळलं असावं, असं मला वाटतं.

सप्टेंबर 1534 मध्ये तो गोव्याला उतरला. त्याच डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्या बेटांत एक मुंबई होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली काही वर्षं तो सूझाबरोबर मोहिमांवर फिरला. दीव, काठियावाड, कोकणचा किनारा, मलबार. 1538 मध्ये सूझा परत गेला, ऑर्ता मात्र गेला नाही. गोव्यात घर केलं, दवाखाना सुरू केला, बाग लावली. 1543 मध्ये नात्यातल्याच एका श्रीमंत घरातल्या ब्रियांदा द सोलीस हिच्याशी लग्न केलं. व्हाइसरॉय आले गेले, हा सगळ्यांचा डॉक्टर राहिला. सोबत जहाजांमधून मालाचा व्यापारही चालू होता. साधुसंत वगैरे नव्हता तो, पैसा कमवायला आलेला माणूस होता.

नगरचा दरबार

आता नगरकडे वळू.

अहमदनगर तेव्हा अगदी नवं शहर होतं. मलिक अहमदने 1490 मध्ये बहामनींपासून फुटून निजामशाही सुरू केली आणि भिंगारजवळ हे शहर वसवलं. आपल्या मोबाइलमध्ये जुन्या नगरचे फोटो फिरतात ना, त्यातला बागरोजा म्हणजे याच अहमदची कबर. त्याचा मुलगा बुऱ्हाण सात वर्षांचा असताना गादीवर बसला आणि 1553 मध्ये मरेपर्यंत राज्य करत राहिला.

या घराण्याची मुळं पाथरीच्या एका ब्राह्मण कुटुंबात असल्याचं इतिहासकार सांगतात. मलिक अहमदचा बाप लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि बहामनी दरबारात वर चढत गेला. बुऱ्हाण हा त्याचा नातू. म्हणजे ज्याच्या घराण्याचा धर्म दोन पिढ्यांपूर्वी बदलला होता अशा राजासमोर, ज्याच्या आईबापाचा धर्म जबरदस्तीने बदलला होता असा डॉक्टर बसलेला. दोघांमध्ये या विषयावर कधी बोलणं झालं का, देव जाणे. पण बुऱ्हाणने स्वतः 1537 च्या सुमारास शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला होता. धर्मावर वाद घालायची त्या दरबाराला सवय होती.

ऑर्ता गोव्याहून घाट चढून नगरला यायचा, राजाला तपासायचा आणि परत जायचा. हे एकदा नाही, अनेकदा झालं. बुऱ्हाणच्या पदरी आधीच इब्न सीनाची परंपरा मानणारे अरबी-इराणी हकीम होते आणि हिंदू वैद्यही होते. म्हणजे एकाच आजाऱ्याभोवती तीन वैद्यकं उभी. एक युनानी, एक आयुर्वेद, आणि एक सालामांकाहून आलेलं. आजच्या भाषेत सेकंड ओपिनियनच्याही पुढचं.

गंमत म्हणजे राजा पेशंट होता आणि शिक्षकही. निजामशहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायचा, आणि तो निजामशहाला तीच नावं लॅटिनमध्ये सांगायचा. राजाला या खेळात फार मजा यायची, असं ऑर्ता पुस्तकात सांगतो. राजाने त्याला वर्षातले काही महिने नगरलाच राहण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती. तो राहिला नाही. पण निजामशहाचा उल्लेख पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी मित्राचा करावा तसा येतो. गोव्यातल्या अधिकाऱ्यांबद्दल लिहिताना तो जी अदब ठेवतो, त्यापेक्षा हे वेगळं आहे.

हा शब्दांचा खेळ वरवर बघता टाइमपास वाटेल. पण युरोपातली गडबड नेमकी नावांचीच होती. तिथले डॉक्टर दीड हजार वर्षं जुनी ग्रीक पुस्तकं वाचून औषधं द्यायचे. पुस्तकात लिहिलेली वनस्पती त्यांनी आयुष्यात बघितलेली नसायची. भारतातून निघालेला माल अरब व्यापाऱ्यांच्या हातून, चार भाषा बदलत, वाळलेल्या मुळाच्या नाहीतर डिंकाच्या रूपात पोचायचा. ते मूळ कशाचं, झाड कसं दिसतं, कुठे उगवतं, सगळा अंधार. चिंचेचंच घ्या. अरबीत 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. मग नाव ऐकून कुणाला वाटायचं की चिंच ताडामाडासारख्या झाडाला लागत असेल. ऑर्ताने चिंचेचं झाड बघितलं होतं, चिंच खाल्ली होती. त्याने लिहून टाकलं की खजुराचा आणि हिचा काही संबंध नाही.

पुस्तक

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात पुस्तक छापून झालं. नाव लांबलचक, अर्थ साधारण 'भारतातील वनौषधी व औषधी द्रव्यांवरचे संवाद'. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती, त्यामुळे छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रच कित्येक पानांचं झालं. (आमच्या कॉपी डेस्कने हे वाचून समाधानाचा सुस्कारा सोडला.)

त्या काळी विद्वानांनी लॅटिनमध्येच लिहायचं असा दंडक होता. ऑर्ताने पोर्तुगीजमध्ये लिहिलं, म्हणजे जहाजावरच्या व्यापाऱ्यालाही वाचता यावं. पुढे पोर्तुगालचा महाकवी म्हणून ओळखला गेलेला लुईश द कामोंइश तेव्हा गोव्यातच होता. त्याने या पुस्तकासाठी व्हाइसरॉयला उद्देशून एक कविता लिहून दिली. ती त्याची छापून आलेली पहिली कविता. म्हणजे पोर्तुगालच्या सगळ्यात मोठ्या कवीचं पदार्पण गोव्यात, आणि तेही हिंग-मिरीच्या पुस्तकात.

पुस्तक लिहिलंय गप्पांच्या रूपात. रुआनो नावाचा एक डॉक्टर नुकताच स्पेनहून आलाय. तोही सालामांका-अल्कलाला शिकलेला, जुने ग्रंथ तोंडपाठ. तो ऑर्ताच्या घरी उतरतो आणि एकेका औषधाबद्दल विचारत सुटतो. ऑर्ता उत्तरं देतो. रुआनो ग्रंथ पुढे करतो, ऑर्ता म्हणतो मी हे डोळ्यांनी बघितलंय. रुआनो हे पात्र काल्पनिक आहे. पण वाचताना सारखं वाटतं की हा दुसरा कुणी नाही, भारतात यायच्या आधीचा ऑर्ताच आहे.

एका ठिकाणी तो कबूल करतो की स्पेनमध्ये असतो तर प्राचीन आचार्यांच्या विरुद्ध बोलायची आपली छाती झाली नसती. इथे आल्यावर झाली. पुढे त्याच्या घराण्याचं काय झालं हे माहीत असताना ही जागा वाचली की थांबायला होतं.

मध्येच अंतोनिया येते. ती त्याच्या घरातली गुलाम स्त्री. ऑर्ता हाक मारतो, ती बागेतून फांदी, पानं, फळ आणून समोर ठेवते आणि चर्चा पुढे सरकते. ती कुठली, तिचं मूळ नाव काय, काही कळत नाही. पुस्तकातला प्रत्यक्ष पुरावा मात्र बऱ्याचदा तिच्याच हातातून येतो. ऑर्ताबद्दल लिहिणारे बहुतेक लोक तिच्यावरून एका ओळीत पुढे जातात, आणि मीही तेच करतेय, कारण त्याने तिच्याबद्दल त्याहून जास्त लिहिलंच नाही. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही येतो. त्याला निदान स्वतःचं मत मांडायला मिळतं.

आता एकेक वनस्पती बघू.

हिंग. याचा वास ऑर्ताला अजिबात सोसायचा नाही. पण हिंगाची फोडणी घातलेल्या भाज्या वाईट लागत नाहीत, हे तो मान्य करतो. गरीब-श्रीमंत सगळेच इथे हिंग खातात याचं त्याला नवल. सोबत विजयनगरचा एक किस्सा देतो. एका पोर्तुगीज व्यापाऱ्याकडे उमदा घोडा होता, पण त्याला गॅसेसचा एवढा त्रास की राजा तो घोडा विकत घेईना. मग व्यापाऱ्याने घोड्याला भरपूर हिंग चारला. घोडा खडखडीत बरा झाला आणि राजाने घेतलाही. औषध काय दिलं हे कळल्यावर राजाला नवल वाटलं नाही. त्याच्या लेखी हिंग हे देवांचं खाणं होतं.

भांग. इथे 'ड्यून'वाल्यांनी कान टवकारा. गुजरातच्या बहादूरशहाने ऑर्ताच्या त्या दोस्ताला, म्हणजे सूझाला सांगितलं होतं की रात्री मला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण असं कुठेही फिरून यायची इच्छा झाली की मी थोडी भांग घेतो. झालं, पलंगावरून न उठता जगाची सफर. पिक्चरच्या चारशेहून जास्त वर्षं आधी! याच बहादूरशहाला 1537 मध्ये दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत समुद्रात मरण आलं.

धोतरा. चोर तो जेवणात मिसळतात, मग माणूस दिवसभर भ्रमिष्टासारखा हसत राहतो आणि घर लुटलं जात असताना बघत बसतो, अशी नोंद आहे.

बिब्बा. ऑर्ताने देशी नावही दिलंय, 'बिबो'. ग्रंथांमध्ये याला म्हणायचे 'अनाकार्डियम', म्हणजे हृदयासारखं फळ. आता क्विझला उपयोगी पडेल अशी गोष्ट सांगते. ऑर्ताच्या पुस्तकात काजू नाही. ब्राझीलहून आलेला काजू त्याच्या नजरेला पडला नसावा. पुढे काजूचं शास्त्रीय नाव ठेवायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी बिब्ब्याचं हे जुनं नाव काजूला देऊन टाकलं, अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. म्हणजे कोकणातला काजू आज आपल्या बिब्ब्याचं नाव लावून फिरतोय. दोघं एकाच कुळातले, त्यामुळे भांडण घरातल्या घरात.

आणि मोडशी. ही वनस्पती नाही, आजार आहे. पण मराठी वाचकाने हे पान चुकवू नये. जुनी माणसं अपचन, पोटात कळ, उलटी-जुलाब याला मोडशी म्हणतात. ऑर्ता पटकीबद्दल लिहिताना सांगतो की इथले लोक याला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगिजांनी त्याचं बिघडवून 'मोर्देशी' केलंय. खोल गेलेले डोळे, थंड घाम, हातापायांत गोळे, हाताला न लागणारी नाडी, एका दिवसात मरण. एखाद्या युरोपीय डॉक्टरने केलेल्या पटकीच्या सुरुवातीच्या नेमक्या वर्णनांमध्ये याची गणना होते. इथले वैद्य यावर मिरी-जिरं घातलेली भाताची पेज देतात आणि पायाला डाग देतात, हेही त्याने टिपलंय. पुढे फ्रेंचांनी हा शब्द उचलला आणि त्याचं केलं 'मोर द शियां'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचं मरण. मराठी घरातल्या मोडशीचा हा प्रवास!

तो सगळीकडे बरोबरच होता असं नाही. काळी मिरी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींना लागते असं तो समजत होता. एकाच वेलीची फळं असतात ती, साल काढली की पांढरी.

मुंबईचा भाडेकरू

1554 मध्ये पेद्रो माश्करेन्यश व्हाइसरॉय म्हणून आला. त्याच्या कारकिर्दीत ऑर्ताला हयातभरासाठी एक बेट भाडेपट्ट्याने मिळालं. ते बेट म्हणजे मुंबई. हो, आपली मुंबई, वन बीएचकेसाठी आयुष्य गहाण टाकावं लागतं ती. तेव्हा तिथे नारळाची झाडं, भातशेती आणि थोडी वस्ती. ऑर्ताचं तिथे घर होतं, पण तो क्वचितच राहायचा. पोटभाडेकरू ठेवून उत्पन्न घ्यायचा. पुढे 1665 मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्या घराच्या जागी बॉम्बे कॅसल उभा राहिला आणि आज ती जागा फोर्टमध्ये नौदलाच्या आवारात आहे.

आंब्याचं प्रकरण याच मुंबईमुळे मजेशीर झालंय. ऑर्ता आणि रुआनो बोलत असताना मुंबईहून गलबत येतं आणि त्यातून भाडेकरूने पाठवलेले आंबे उतरतात. मग ऑर्ता अभिमानाने सांगतो की माझ्या बेटावर एक आंब्याचं झाड आहे, ते वर्षातून दोनदा फळतं. एकदा मे महिन्यात आणि एकदा वर्षाच्या शेवटी. पाचशे पानी विद्वत्तेच्या मध्ये हा माणूस पेटी आल्यावर खूश होणाऱ्या कुठल्याही कोकणी काकांसारखा वाटायला लागतो.

बंद दरवाजामागचं घर

इथपर्यंतचा ऑर्ता जगाला बऱ्यापैकी माहीत होता. 1886 मध्ये पोर्तुगालमधल्या फिकाल्यो नावाच्या उमरावाने त्याचं मोठं चरित्र लिहिलं. त्यातही तो यशस्वी ख्रिस्ती डॉक्टर म्हणूनच दिसतो. मग 1934 मध्ये आणखी एक चरित्र आलं. डॉक्टर आणि संशोधक असलेल्या सिल्वा कार्व्हाल्यो यांनी लिस्बनच्या दप्तरखान्यातली इन्क्विझिशनची कागदपत्रं चाळली होती. मरणानंतर साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षांनी ऑर्ताचं खरं घर उघडं झालं.

ऑर्ता गोव्यात स्थिरावत होता तेव्हा आई आणि बहिणी पोर्तुगालमध्येच होत्या. गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली त्यांना तिथे तुरुंगात टाकलं गेलं. सुटका झाल्यावर 1549 मध्ये त्या त्याच्याकडे गोव्याला आल्या. स्पेनमधून पोर्तुगाल, पोर्तुगालमधून गोवा. त्या आईच्या आयुष्यातलं हे दुसरं पलायन.

पुढची अकरा वर्षं बरी गेली असावीत. पण 1560 मध्ये गोव्यातही इन्क्विझिशनचं न्यायालय सुरू झालं. आता पुढे पळायला समुद्रच नव्हता. पुस्तक छापून झालं ते याच्या तीन वर्षं नंतर, 1563 ला. म्हणजे दिवसा पटकीचे पेशंट, व्हाइसरॉयची नाडी, प्रूफं तपासणं. आणि घरात नातेवाइकांमध्ये काय बोललं जातं ते कुणाच्या कानी जाऊ नये याची धास्ती.

पुस्तकात धर्माबद्दल तो जपून बोलतो. जिथे तिथे चांगल्या ख्रिस्त्यासारखी वाक्यं पेरलेली दिसतात. आधी वाचताना मला ती त्या काळची पद्धत वाटली. नंतर तीच वाक्यं वाचताना घशाशी आलं. प्रत्येक झाडाचं खरं नाव शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात आपला देव कुठला हे मोठ्याने म्हणता येत नव्हतं.

1568 मध्ये तो अंथरुणात, आपल्या मरणाने मेला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली. चौकशीत तिच्याकडून आणि इतर नातेवाइकांकडून जबाब घेतले गेले. त्यात गार्सियाचंही नाव आलं, की तोही मनाने मोशेचा धर्मच खरा मानायचा. 25 ऑक्टोबर 1569 रोजी गोव्यात कातारिनाला जिवंत जाळण्यात आलं.

ऑर्ता मेलेला होता, त्याला काय शिक्षा देणार? तर इन्क्विझिशनच्या कायद्यात मेलेल्या माणसावरही खटला चालायचा. तो चालला. निकाल लागला. 4 डिसेंबर 1580 रोजी, मरणानंतर बारा वर्षांनी, त्याची हाडं कबरीतून उकरून जाहीरपणे जाळण्यात आली.

ज्यांनी हे केलं त्यातल्या कित्येकांच्या घरात त्याच्या पुस्तकातली औषधं वापरली जात असणार. हा माझा अंदाज आहे, पण गोव्यातल्या दमट हवेत पटकी धर्म विचारून यायची नाही.

पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेलं होतं. छापून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जानेवारी 1564 मध्ये, कारोलुस क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची एक प्रत लिस्बनमध्ये मिळाली. हा पुढे नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाची बाग उभारणारा आणि तिथे ट्यूलिप रुजवणारा माणूस. त्याने ऑर्ताच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश केला आणि 1567 मध्ये अँटवर्पला छापला. गप्पा काढून टाकल्या, रुआनो काढला, अंतोनिया काढली, निजामशहासोबतचा शब्दांचा खेळ कापला, फक्त वनस्पती ठेवल्या. युरोपातल्या डॉक्टरांनी पुढची कित्येक वर्षं ऑर्ता वाचला तो या रूपात. नगरचा दरबार त्यातून गळून पडला, त्यामुळे आपल्याला हे नाव ठाऊक नसण्यात फार नवल नाही.

हाडं जाळणाऱ्या त्याच पोर्तुगालने 1971 मध्ये 20 एस्कुदोच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. लिस्बनजवळ अल्मादा इथे त्याच्या नावाचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. आणि पणजीला गेलात तर त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चसमोर, जिथे सगळे सेल्फी काढतात, तिथून थोडं खाली उतरलं की एक बाग लागते. तिला त्याचं नाव आहे. मी त्या बागेत बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लंय, कॉलेजच्या ट्रिपला. नगरच्या आम्ही सहा जणी होतो. पाटीवरचं नाव एकीनेही वाचलं नव्हतं.